हितचिंतकाचं पत्र

९ जानेवारी

आत्या,

तू फोन उचलत नाहीस. बाबा म्हणतात, तिला एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्या कानाने ऐकायची इच्छा नाही. म्हणून हे पत्र. माझ्या आयुष्यातलं दुसरंच. पहिल्याचं काय झालं ते सांगायलाच हे लिहायला बसलोय.

मी कॉलेज सोडलं हे तुझ्यापर्यंत आलं असेलच. का सोडलं ते घरात कुणाला माहीत नाही. ‘मन लागत नव्हतं’ असं मी सांगून टाकलंय आणि आई ते वाक्य दिवसातून दोनदा माझ्या तोंडावर फेकते. खरं काय ते तुला सांगतो.

आमच्या वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. चष्मा आहे, हॉस्टेलवर राहते, शिष्यवृत्तीवर शिकते, आणि निबंध असा लिहिते की वाचताना आपणच हुशार झाल्यासारखं वाटतं. दीड वर्ष मी चौथ्या बाकावर काढलं. सप्टेंबरात धीर केला आणि तिला पत्र लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, कारण आपल्या भाषेत लिहायची छाती झाली नाही. मंगळवारी तिच्या हातात दिलं. गुरुवारी इंग्रजीच्या सरांनी ते भर वर्गात वाचून दाखवलं.

या सरांना आम्ही कात्री म्हणतो. कुणाचाही निबंध हातात घेतला की चिंध्या करूनच परत देतो. नाव त्याने घेतलं नाही, पण माझे कान असे लाल झाले की घ्यायची गरजच उरली नाही. मंगळवारी तिच्याकडे, गुरुवारी त्याच्याकडे. म्हणजे तिनंच नेऊन दिलं ना? मी बाक ढकलला, उठलो आणि निघालो. तेव्हापासून त्या फाटकात पाय ठेवलेला नाही.

सध्या एका काचेच्या दुकानात कामाला आहे. खिडक्यांच्या काचा, आरसे, टेबलावरच्या काचा. मालकांना सगळे काका म्हणतात. माणूस चांगला आहे, फक्त काच तडकली की आधी माझ्याकडे बघतो.

आता ऐक. एप्रिलमध्ये इंग्रजीची परीक्षा बाहेरून देता येते. मी फॉर्म भरलाय. लेखीत दोन प्रश्न असतात. एक निबंध. दुसऱ्यात उतारा देतात, आणि लेखकाने वाचणाऱ्याला कसं पटवलं, कुठे बुद्धीला हात घातला, कुठे काळजाला, ते उलगडून दाखवायचं. मग तोंडी. तोंडीला आपल्या पसंतीचा कुठलाही मजकूर घ्यायचा आणि त्याची तशीच चिरफाड दहा मिनिटं वाचून दाखवायची. समोर तीन परीक्षक, त्यातला एक कात्री. मागे सगळा वर्ग.

माझा मजकूर ठरलाय. त्या गुरुवारी कात्री जे बोलला, ते. त्याच्याच हत्याराने, त्याच्याच वर्गात, त्याचा एकेक शब्द सोलणार आहे.

तू अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलंस, बोर्डाचे पेपर तपासलेस. मला शिकव. पास तर मी होईनच. मला त्याला घाम फुटलेला बघायचाय.

तुझा,
भडक्या
(हे नाव तूच ठेवलंयस, आता निस्तर.)


१७ जानेवारी

भडक्या,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहीत बसणार नाही.

फोनवर तू ओरडतोस आणि मला अर्धंच ऐकू येतं. कागदावर ओरडलास तर मला लाल शाईने खोडता येतं. त्यामुळे पत्रंच बरी.

शिकवीन. तुझ्या सुडासाठी नाही. सहा वर्षांचा असताना तू बाबांना चिठ्ठी लिहिली होतीस, ‘मी घर सोडून चाललोय, जेवायला येईन’. तेव्हाच मला वाटलं होतं की या मुलाला लिहिता येईल, फक्त कुणाला लिहितोय ते याला कळायला हवं.

तिथूनच सुरू करू. पेपर हातात आला की पेन उचलायचं नाही. तीन प्रश्न विचारायचे. मी कुणाशी बोलतोय? त्याने काय करावं असं मला वाटतं? आणि त्याने माझ्यावर का विश्वास ठेवावा? तपासताना माझ्यापुढे शेकड्याने पेपर यायचे. नव्वद टक्के पोरं दुसऱ्या प्रश्नापाशीसुद्धा पोचत नाहीत, थेट ‘प्राचीन काळापासून मानव’ म्हणून नांगर टाकतात. मुद्दा पहिल्या परिच्छेदात एका वाक्यात सांग. प्रत्येक परिच्छेदाला एक काम दे. आणि समोरच्याची बाजू आपणहून मांड, मग तिला उत्तर दे. जो विरोधकाला खुर्ची देतो, त्याचं लोक ऐकतात.

पहिला निबंध: शहराच्या मध्यभागी मोटारी बंद कराव्यात का? चारशे शब्द, पन्नास मिनिटं. घड्याळ लावून लिही. लबाडी केलीस तर मला अक्षरावरून कळतं.

सरांबद्दल एकच. ज्या मजकुरावर हल्ला करायचा तो आधी जसाच्या तसा उतरवावा लागतो. आपल्या सोयीचा नाही. ते काय बोलले ते आठवून शब्दन् शब्द लिहून पाठव.

आणि पत्र त्या मुलीने नेऊन दिलं, हे तू पाहिलंस?

आत्या


२ फेब्रुवारी

आत्या,

निबंध सोबत आहे. बावन्न मिनिटं लागली, दोन मिनिटं काकांनी खाल्ली. मी लिहीत होतो आणि ते म्हणाले, ‘काय रे, मृत्युपत्र करतोस का? एवढा विचार काच कापताना केलास तर माझं भलं होईल.’

पण तुझं पेन न उचलण्याचं मला पटलं. काचेचंही तसंच आहे. काच कापायची हिरकणी एकदा टेकवली की रेघ एका दमात ओढायची. मध्येच थांबून ‘आता कुठे वळू’ म्हटलं की तडा आपल्याला विचारत नाही. मी निबंध आधी आखला, मग एका दमात लिहिला. बघ.

आता कात्रीचं ऐक. हे शब्द मी पाठ केलेले नाहीत, ते कानातून जातच नाहीत.

तो आत आला. हातात आमच्या निबंधांचा गठ्ठा होता. त्यातून एक कागद काढला, उलटापालटा केला आणि म्हणाला, ‘आज पटवण्याच्या कलेचा एक नमुना ऐकू.’ मग वाचलं. सगळं. ‘तुझ्या चष्म्यावर बसणाऱ्या धुळीचा मला मत्सर वाटतो’ या वाक्यावर वर्ग फुटला. माझ्या शेजारचा लंबू तर बाकावरून खाली घसरला. आत्या, ते वाक्य पक्क्या पत्रात मी घेतलंही नव्हतं, माझी मलाच लाज वाटली होती, आणि नेमकं त्यावरच सगळे हसले! मग कात्रीने खडू घेतला, फळ्यावर दोन आकडे लिहिले आणि म्हणाला, ‘या पत्रात “मी” सव्वीस वेळा आहे, “तू” चार वेळा. हा तरुण कुणाला पटवत नाहीये. तो आरशासमोर उभा आहे.’

आणि आता मी दिवसभर आरसेच कापतो. हसू नकोस.

ती हसली नाही. मान खाली घालून बसली होती. चोराने मान खालीच घालायची असते. तू विचारलंस, पाहिलंस का? नाही पाहिलं. पण वाऱ्याने उडत गेलं का ते त्याच्या टेबलावर?

एक शंका आहे, अभ्यासाचीच. समजा वाचणारा मोठ्या हुद्द्यावरचा आहे, आपल्याला ओळखत नाही आणि त्याला घाईही आहे. त्याला आपलं खरं वाटावं म्हणून काय करायचं? असा प्रश्न पेपरात येऊ शकतो.

भडक्या


१० फेब्रुवारी

भडक्या,

तुझा निबंध मला दोनदा वाचावा लागला. एकदा पुढून, एकदा मागून. मागच्या बाजूला कुणाच्या तरी न्हाणीघराच्या खिडकीची मापं आणि याच निबंधाचा कच्चा खर्डा होता. कोरा कागद घेत जा. परीक्षक दयाळू नसतात.

पुढच्या बाजूला दहापैकी साडेपाच. मुद्दा स्पष्ट आहे, आखणी आहे. पण तिसऱ्या परिच्छेदात मोटारवाल्यांना ‘माजलेले’ म्हटलंयस आणि तिथे तू मला गमावलंस. तोवर मी तुझ्या बाजूने होते.

तुझी शंका मात्र पहिल्यांदाच शहाण्यासारखी आहे, म्हणून सविस्तर सांगते. अनोळखी, घाईत असलेला, अधिकाराचा माणूस. त्याच्यापुढे आवाज चढवायचा नाही. सुरुवातीलाच समोरच्या पक्षाचं काही चांगलं असेल ते कबूल करायचं, म्हणजे आपण न्यायी वाटतो. मग एकच पुरावा द्यायचा, पण असा की त्याला स्वतःला उठून तपासता येईल. दहा आरोपांपेक्षा एक तारीख बरी. आपल्याला काय वाटतं ते सांगायचं नाही, त्याला काय वाटेल तिथवर नेऊन सोडायचं. राग आपण दाखवायचा नाही, तो वाचणाऱ्याला आपोआप यावा. आणि शेवटी मागणी छोटी ठेवायची. ‘शिक्षा करा’ नको, ‘एकदा बघा’ पुरे.

हे वापरून त्याच मोटारींवर नगराध्यक्षांना पत्र लिही.

सरांच्या प्रसंगात मला काहीतरी खटकतंय. अजून बोट ठेवता येत नाही. तो कागद मी पुन्हा वाचीन.

आत्या


३ मार्च

आत्या!

नगराध्यक्षांना नाही लिहिलं. खऱ्या माणसांना लिहिलं, आणि काम झालं!

सगळं सांगतो. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मी तिच्या शिष्यवृत्तीच्या समितीला पत्र पाठवलं. खाली नाव नाही, फक्त ‘एक हितचिंतक’. पहिल्या परिच्छेदात तिचं कौतुक. मेहनती आहे, शांत आहे, शिक्षकांची लाडकी आहे. (काय वाटलं लिहिताना ते विचारू नकोस.) मग एकच पुरावा. पहिल्या वर्षाच्या सहामाही निबंधात तिचा तिसरा परिच्छेद आणि अजून एका विद्यार्थ्याचा तिसरा परिच्छेद शब्दशः सारखा आहे, आणि निबंध जमा केल्याच्या नोंदवहीत त्या विद्यार्थ्याची तारीख एक दिवस आधीची आहे. वही कॉलेजातच आहे, कृपया एकदा बघावी. आणि शेवटी, त्या मुलाने पुढे कॉलेज सोडलं, कदाचित अशाच अन्यायाला कंटाळून.

तो विद्यार्थी मी. आता खरं सांगतो, तुझ्यापाशी काय लपवायचं. तो परिच्छेद तिचाच होता. तिनं मला कच्चा निबंध वाचायला दिला होता, मी उचलला, आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी वेळेआधी जमा केलं. कच्चा कागद तिला परत दिलाच नाही. म्हणजे तिच्याकडे दाखवायला काही नाही. काय पुरावा आहे, आत्या! तारीख! तू म्हणालीस तशी!

काल लंबू दुकानात आला, खिडकीची काच न्यायला. ते पत्र मी लिहिलं हे त्याला माहीत नाही. म्हणाला, ‘अरे, तिची शिष्यवृत्ती थांबवली. चोरीचा निबंध म्हणे. हॉस्टेलची खोलीही सोडायला लावली, निकाल लागेपर्यंत. पंधरा एप्रिलला समिती बसणार.’ मी विचारलं, ‘रडली का?’ तो म्हणाला, ‘नाही रे, ती कुठली रडतेय. ट्रंक स्वतःच उचलून नेली.’ मी त्याची काच पाव इंच मोठी कापली आणि पुन्हा कापावी लागली, इतका आनंद झाला होता.

एक हिशेब मिटला. आता कात्री. त्याच्यावरची चिरफाड लिहितोय, सहा पानं झाली. साडेपाचाचे आठ कर आता तरी.

भडक्या


८ मार्च

तुला हाक मारायची इच्छा होत नाही, म्हणून वर काही लिहिलेलं नाही.

मी अठ्ठावीस वर्षांत पोरांना खूप काही शिकवलं. त्यातलं काहीही वापरून कुणी कुणाची ट्रंक उचलायला लावली नव्हती. तुझ्या त्या पत्रातली प्रत्येक युक्ती मी माझ्या हाताने तुला लिहून पाठवली आहे. कौतुक आधी, पुरावा एकच, मागणी छोटी. माझ्याच पत्राची जपून ठेवलेली नक्कल काढून मी ती समोर ठेवली आहे आणि दोन दिवस तिच्याकडे बघतेय.

आता वाच. हळू वाच, एका दमात नको.

२ फेब्रुवारीला तू लिहिलंस की धुळीच्या मत्सराचं वाक्य तू पक्क्या पत्रात घेतलंच नव्हतंस. म्हणजे त्या मुलीच्या हातात जो कागद गेला त्यात ते वाक्य नव्हतं. मग सरांनी ते वाचलं कुठून?

दुसरं. सरांच्या हातात तुमच्या निबंधांचा गठ्ठा होता. त्यातूनच त्यांनी कागद काढला आणि उलटापालटा केला.

तिसरं. तू निबंध कुठे लिहितोस ते मला माहीत आहे. मापांच्या पाठीवर, खर्ड्याच्या पाठीवर, जो कागद हाताला लागेल त्यावर.

तिने काही दिलं नाही, मूर्खा. तू दिलंस. तुझ्या प्रेमपत्राचा कच्चा खर्डा तू तुझ्याच निबंधाच्या मागच्या बाजूला लिहिला होतास आणि तो निबंध स्वतःच्या हाताने जमा केलास. ती मान खाली घालून बसली होती, कारण ते शब्द दोन दिवसांपूर्वी तिने एकटीने वाचले होते, आणि आता सगळा वर्ग त्यावर हसत होता.

समितीला तुझ्या नावाने, तुझ्या सहीने, खरं काय ते कळव. आज.

तोवर मी तुझं काही तपासणार नाही.


१५ मार्च

आत्या,

चार दिवस बोललो नाही कुणाशी. काका म्हणाले, ‘दात दुखतोय का?’ मी हो म्हटलं.

तू म्हणतेस ते खरं आहे. त्या आठवड्याचा निबंध मी पत्राच्या खर्ड्यामागेच लिहिला होता. आठवलं. कागद संपले होते आणि खाली जायचा कंटाळा आला होता. तेवढंच. खाली जायचा कंटाळा.

पण आत्या, मला अजून राग येतोय. आधी होता त्याच्या दुप्पट येतोय. मी चुकून दिलं, ठीक. पण वाचलं कुणी? निबंधाची मागची बाजू त्याच्यासाठी नव्हती हे बारा वर्षांच्या पोरालाही कळलं असतं. त्याने तो कागद घडी घालून मला परत दिला असता, तर यातलं काहीही झालं नसतं. मी तिचा द्वेष केला नसता, ते पत्र लिहिलं नसतं, ती आज कुणाच्या तरी ओळखीने परक्या घरात झोपत नसती. हे सगळं त्याच्यापासून सुरू झालं.

म्हणून माझं ऐक. समितीला सांगणार, शपथ. पण आज सांगितलं तर कॉलेज माझा फॉर्म रद्द करेल आणि तोंडीला मला उभंच करणार नाहीत. तोंडी ११ एप्रिलला. समिती १५ ला. मी ११ ला कात्रीला सोलतो, १२ ला समितीपुढे स्वतःला. चार आठवड्यांचा प्रश्न आहे. तिचं अंतिम काही बिघडत नाही.

चिरफाड अकरा पानं झाली आहे. सोबत पाठवतोय. तपास ना. इतकं चांगलं मी कधीच लिहिलेलं नाही.

भडक्या


२२ मार्च

तुझी अकरा पानं परत पाठवतेय. लाल शाई कुठे दिसणार नाही. वाचली नाहीत.

मी समितीला माझ्या नावाने लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं. त्यांना निनावी पत्र लिहिणाऱ्याचं सही केलेलं निवेदन हवं आहे, नातेवाइकाची ग्वाही चालत नाही. बरोबरच आहे त्यांचं.

‘चार आठवड्यांचा प्रश्न आहे’ असं तू लिहिलंस. कुणाच्या चार आठवड्यांचा, ते लिहिलं नाहीस. ती याच चार आठवड्यांत लेखीला बसणार, ‘चोर’ हे कपाळावर घेऊन, परक्या घरातल्या टेबलावर अभ्यास करून. तुझ्या पंधरा मार्चच्या पत्रात ‘मी’ किती वेळा आहे ते मोजलंय मी. तुझ्या सरांनी पाप केलं हे मला मान्य आहे, पण त्यांना मोजता येतं.

पुढचं पत्र निवेदन दिल्यानंतर लिही. आधी नको.

आत्या


१४ एप्रिल

आत्या,

निवेदन दिलं. म्हणून लिहितोय.

पण तू सांगितलंस तेव्हा नाही दिलं. मी माझ्याच मनासारखं केलं, अकरा तारखेपर्यंत थांबलो. लेखी बरी गेली. उतारा एका पुढाऱ्याच्या भाषणाचा होता, मी त्याला उभा चिरला. ते जाऊ दे.

अकराला सकाळी मोठ्या वर्गात सगळे बसलो. पुढे टेबल, मध्ये कात्री, दोन्ही बाजूंना बाहेरचे परीक्षक, एक टक्कलवाले आणि एक बाई. यादी लावलेली. ती माझ्या आधी. माझ्या खिशात अकरा पानं. मी तिच्याकडे बघितलं नाही. पाठ दिसत होती. चौथ्या बाकाची सवय.

तिचं नाव पुकारलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘मी निवडलेला मजकूर एक निनावी पत्र आहे. माझ्याविरुद्धचं. समितीने उत्तर देण्यासाठी त्याची प्रत मला दिली.’

आत्या, तिने माझं पत्र वाचलं. पूर्ण. माझ्याच वर्गात, मी बसलेलो असताना. कुणी हसलं नाही.

मग तिने सुरुवात केली. आवाज तोच, निबंध वाचतानाचा. म्हणाली, लेखक पहिल्या परिच्छेदात माझं कौतुक करतो, ते वाचणाऱ्याने त्याला न्यायी समजावं म्हणून. एकच पुरावा देतो, कारण दहा दिले तर राग दिसेल. मागणी अगदी लहान ठेवतो, म्हणजे नाकारणं अवघड. हे काम चांगलं आहे. कुणीतरी चांगलं शिकवलेलं आहे. (तुझ्यासाठी वाईट वाटलं, पण तिने ते खरंच कौतुकाने म्हटलं.)

मग म्हणाली, ‘पण या पत्रात दोन माणसं आहेत. एक मी. माझ्यात लेखकाला तीन गुण दिसतात आणि एक दोष. दुसरा तो विद्यार्थी, ज्याचा परिच्छेद चोरीला गेला. त्याच्यात लेखकाला एकही दोष दिसत नाही. तो बिचारा आहे, सोसणारा आहे, निघून गेलेला आहे. कुणीही दुसऱ्याबद्दल असं लिहीत नाही. असं माणूस फक्त स्वतःबद्दल लिहितो.’

टक्कलवाल्यांनी विचारलं, ‘म्हणजे लेखक कोण, ते तुम्हाला माहीत आहे?’

ती म्हणाली, ‘हो. पण माझ्याकडे पुरावा नाही. माझा कच्चा निबंध त्याच्याकडे आहे. पुराव्याशिवाय नाव घेणं हेच या पत्रात झालंय, मी ते करणार नाही.’

आणि बसली. दहा मिनिटंही झाली नव्हती.

पुढचं नाव माझं.

उभा राहिलो. पानं खिशातून निम्मी बाहेर आलेली होती. कात्री माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं की काय, माहीत नाही. मला फक्त एवढं दिसत होतं की ही अकरा पानं आता वाचली तर सगळा वर्ग अजून एक बिचारा मुलगा ऐकेल.

मी म्हटलं, ‘माझा मजकूर आत्ता वाचून झाला. तो मी लिहिलाय.’

मागे लंबू ‘आयला’ म्हणाला ते स्पष्ट ऐकू आलं.

कात्री म्हणाला, ‘तुमच्याकडे दहा मिनिटं आहेत.’ पहिल्यांदा त्याने मला ‘तुम्ही’ म्हटलं. मग मी त्या पत्राचं एकेक वाक्य घेतलं आणि त्यात खोटं काय ते सांगितलं. परिच्छेद तिचा. कच्चा कागद माझ्या घरी कपाटात. तारीख खरी आणि तिचा अर्थ खोटा. कौतुक खरं. तेवढं एकच पूर्ण खरं, आणि तेच मी फसवायला वापरलं. परीक्षक बाई लिहून घेत होत्या.

शेवटी एक मिनिट उरलं होतं. मी त्याच्याकडे वळलो. आत्या, मला सांगायचंच होतं, त्यासाठी मी तीन महिने जगलो होतो. म्हटलं, ‘सर, सप्टेंबरात तुम्ही माझ्या निबंधाचं पान उलटलंत. मागची बाजू तुम्हाला जमा केलेली नव्हती. फळ्यावर आकडे लिहिलेत ते बरोबर होते. पण तुम्ही वाचत होतात तेव्हा ज्या व्यक्तीला ते पत्र होतं ती तिसऱ्या बाकावर बसली होती, आणि तिच्याकडे तुम्ही एकदाही बघितलं नाहीत.’

त्या बाईंनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. टक्कलवाल्यांनीही. बराच वेळ. त्याने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. त्याला घाम फुटला होता. मला हवा होता तसाच, कपाळावर, ओठाच्या वर. मला वाटलं होतं, बघून पोट भरेल. मी बघत राहिलो आणि आतून काहीच झालं नाही. मग त्याने तिच्याकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

माझा निकाल राखून ठेवलाय. दोन वर्षं बसू देणार नाहीत असं कार्यालयातले म्हणाले. आईला सांगितलं, सगळंच सांगितलं. बाबांनी फक्त ‘निबंधाचा कागद घेऊन ये’ म्हटलं, आणि तो मी शोधून काढला.

आज समितीच्या कार्यालयात गेलो. कच्चा निबंध दिला. कारकुनाने एक कागद पुढे सरकवला, म्हणाला, ‘निवेदन लिहा, सही करा. तक्रार ज्यांच्याविरुद्ध होती त्यांनाही वाचून सही करायची आहे, त्या येतायत.’ मी लिहिलं. सात ओळींत सगळं झालं. काय केलं, कसं केलं, पुरावा सोबत जोडला आहे. मग आठवी ओळ लिहिली: मला याचं मनापासून वाईट वाटतं.

ती आली. बसली नाही, उभ्यानेच वाचलं. मी म्हटलं, ‘त्या दिवशी तू माझं नाव घेतलं नाहीस...’

‘दया म्हणून नाही,’ ती म्हणाली. ‘मी घेतलं असतं तर तू पुन्हा बिचारा झाला असतास. तुला तेवढंही द्यायचं नव्हतं मला.’

मग तिने कारकुनाचं पेन घेतलं आणि आठव्या ओळीवर एक रेघ मारली. सरळ, एका दमात. म्हणाली, ‘हे समितीसाठी नाहीये. आणि माझ्यासाठी असेल, तर मला नकोय.’ खाली सही केली, पेन जागेवर ठेवलं आणि निघून गेली.

कारकुनाने मला विचारलं, ‘दुरुस्ती मान्य आहे? मान्य असेल तर बाजूला सही करा.’

मी केली.

भडक्या